निरंजनचं कुलूप

कुरुळीच्या खालच्या अंगाला ओढ्यावर जुनी पाणचक्की आहे. तिच्यावर वीज करायची, हे खूळ निरंजनचं. थोरला भाऊ ज्योतीराम नुसता हाताखालचा. दोघंही चाकणला एकाच कंपनीत मेंटेनन्सला, सुट्टी मिळाली की इथं. वर्षभरात पाटातला गाळ निघाला, चक्कीखालच्या खड्ड्यात टर्बाइन बसलं, तारा वाडीपर्यंत पोचल्या. पाणी सोडलं की गंगेत घोडं न्हालं असतं.

अडलं एका लाल कुलपापाशी. आत माणूस असताना कुणी मशीन चालू करू नये म्हणून मशिनीत उतरणाऱ्यानं आपलं कुलूप मेन स्विचला लावायचं आणि ज्याचं त्यानंच काढायचं, असा कंपनीचा नियम. साहेबाच्या बापानंही हात लावायचा नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की खड्ड्यात उतरताना निरंजन पाटाचं पाणी अडवणाऱ्या लोखंडी दारालाही कुलूप घालायचा. इथं दार उघडणार कोण, म्हशी? आश्विनातल्या एका रविवारी काम अर्धं टाकून, कुलूप तसंच ठेवून तो ग्रीस आणायला गेला आणि हायवेवर कंटेनरखाली सापडला. किल्ली त्याच्या खिशात होती. ती नंतर मिळाली नाही.

ज्योतीराम रडला नाही. तेरावा उरकून शिफ्टला गेला. उरलेलं काम त्यानं एकट्यानं पुरं केलं. जेवायचा, झोपायचा. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचीच त्याला लाज वाटायची. रोज पाटावर येऊन दाराशी बसायचा आणि कुलपाला हात न लावता घरी जायचा.

"पाणी ओसराया लागलंय," चक्कीचे मालक सोपानराव एकदा म्हणाले. "आठ दिसांत पाट कोरडा. मग पुढल्या पावसाळ्यापातुर बसा बोंबलत. काप की ते."

"त्याचं हाय ते."

दुसऱ्या दिवशी निरंजनची बायको नीला हॅक्सॉ घेऊन आली. तीही त्याच कंपनीत, लाईनवर.

"भावजी, कुलूपवाला येऊ शकत नसंल तर कंपनीत काय करत्यात?"

"साहेब कापतो."

"त्याच्या आधी?"

"आत उतरून बघायचं, माणूस राहिलाय का. हाक मारायची. वर येऊन सांगायचं."

"मग उतरा. मी हाय हितं."

ज्योतीराम शिडीनं उतरला. खड्डा रिकामा आहे, हे वरूनच दिसत होतं. तरी त्यानं टर्बाइनच्या मागं बॅटरी मारली. हाक मारली, "निरंजन." पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेनंतर तो नियमापेक्षा बराच जास्त वेळ थांबला.

वर आल्यावर नीलानं विचारलं, "हायेत का आत?"

दीड महिन्यात त्यानं हे कुणालाच तोंडानं सांगितलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. "निरंजन न्हाई."

आणि मटकन खाली बसून तो हमसून हमसून रडू लागला. कुलूप नीलानंच कापलं.