चौसष्टावी बाई

आठ वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात चौसष्ट जणींच्या गर्भनलिका पुन्हा मूल होऊ नये म्हणून पोट न कापता कायमच्या बंद केल्या होत्या. डॉक्टरबाई खालच्या वाटेने प्रत्येक नळीत एक बारीक स्प्रिंग बसवत; तिच्याभोवती नळी आपोआप बुजून जाई. दर वर्षी प्रत्येकीची चौकशी करायची, हे सिस्टरचं काम. यंदा त्रेसष्ट जणी भेटल्या. शिलाईकाम करणारी एक तेवढी चार वर्षं बेपत्ता होती.

"त्रेसष्ट ठणठणीत आहेत ना? मग एकीने काय बिघडतंय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जी येत नाही, तिचंच बिघडलेलं असतं, मॅडम."

सिस्टरने जुनी घरमालकीण गाठली, मग बटणांची तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदाराने लगेच ओळखलं. "पोट धरून उभ्या राहतात, त्याच ना? मी आधी स्टूल देतो, मग बटणं."

त्याने सांगितलेल्या कपड्यांच्या कारखान्यात ती सापडली. डाव्या कुशीशी उशी दाबून मशीन चालवत होती.

"कधीपासून दुखतंय, ताई?"

"झाली चार वर्षं. एक डॉक्टर म्हणाले गॅस, दुसरे म्हणाले वयाचं आहे. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

"स्प्रिंगचं सांगितलंत त्यांना?"

"कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, विरघळली असेल."

"विरघळत नाही ती. उठा, चला माझ्याबरोबर."

एक्स-रेत उजवी स्प्रिंग जागेवर होती. डावी नळीतून निसटून पोटात गेली होती. डॉक्टरबाईंनी फिल्म तिच्यासमोर धरली.

"दुखणं खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि चूक माझी. ज्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा भेटला नाहीत, त्याच वर्षी मी शोधायला हवं होतं."

शिवणारी बाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे कागदावर लिहून द्या. घरी दाखवायचंय."

मोठ्या इस्पितळात दुर्बिणीतून स्प्रिंग काढली, तिथेच ती नळी बांधूनही टाकली. घरी गेल्यावर बाईने कागद आणि बाटलीतली स्प्रिंग सासूबाईंसमोर ठेवली. "हा घ्या माझा कंटाळा." त्या दिवसापासून पाणी सासूबाईच भरू लागल्या.

पण खरी गोष्ट पुढेच घडली. नुसतं "बरंय ना?" विचारणं बंद झालं आणि त्रेसष्ट जणींना एक्स-रेला बोलावलं. बाकांवर सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या. शिवणारी बाई सुट्टी काढून आली आणि समोर ताठ उभी राहिली.

"दुखत असेल तर दुखतंय म्हणा गं! मी चार वर्षं गप्प बसले, काय मिळालं?"

कोपऱ्यातून एक हात वर आला. थोड्या वेळाने दुसरा. दोघींच्याही स्प्रिंगा सरकू लागल्या होत्या, आणि दोघींवरही वेळेत उपचार झाले.