डिकीतलं पाणी

एकतीस मार्चपर्यंत मायरिग आमच्या खिडक्या धुणार होता. त्यानंतर त्या आमच्या तरी असणार होत्या, नाहीतर कायमच्या त्याच्या.

आमच्या म्हणजे आमच्या घराच्या नव्हेत. कुमहेलीच्या चढावरच्या एकशे बारा घरांच्या. माझा नवरा इद्वल एकतीस वर्षं त्या पुसत आला होता, दर महिन्याला एकदा, शिडी, बादली आणि फडकं घेऊन. या धंद्यात कागद नसतो. ज्याचा हात काचेवरून फिरतो, त्याची ती घरं. एखादा खिडकीवाला पडला, आजारी झाला, तर दुसरा त्याची घरं सांभाळतो आणि तो उठला की परत देतो. पण किती दिवस सांभाळायची? घरांनाही नव्या हाताची सवय होते.

इद्वल नोव्हेंबरात पडला. ओल्या फरशीवरून शिडीचा पाय सरकला आणि मिस बेवनच्या माडीच्या खिडकीपासून तो थेट खाली आला. टाच मोडली, उजवा खांदा मोडला. "बादली मात्र सरळ उभी राहिली," असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी विसरा, खांद्यावर ओझं नको, दहा किलोंच्या वर काही उचलायचं नाही. तेव्हा तो हसला नाही. शिडीवर असताना तो गाणी जुळवायचा. साधीच, जिची खिडकी तिच्यावरची.

उंच माडीची खिडकी, तिला डोंगर दिसतो
धूळ पुसली की बाई, घरी उजेड बसतो

त्या हिवाळ्यात आमच्या घरी एकही ओळ जुळली नाही.

घरं सांभाळली मायरिगने. माझ्या नवऱ्याहून अठरा वर्षांनी धाकटा, मोठी व्हॅन, व्हॅनमध्ये टाकी, टाकीला पंप आणि हातात लांबलचक काठी. काठीच्या टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. माणूस जमिनीवर उभा, खिडकी दुसऱ्या मजल्यावर. इद्वल त्याला फार चिडवायचा. म्हणायचा, "ही कसली धुलाई? फोनवरून दाढी केल्यासारखी!" आमच्या खोऱ्यात आडनावं चारच, म्हणून माणसं धंद्यावरून ओळखली जातात. एक इद्वल शिडी, दुसरा मायरिग काठी. आणि त्याच काठीने चार महिने शिडीची घरं चमकवत ठेवली, एक घर गमावलं नाही. त्याबद्दल मी मायरिगच्या आईलासुद्धा मनातल्या मनात नमस्कार केला आहे.

मार्चच्या मध्यावर तो चहाला आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"इद्वल, एक तारखेपासून माझी शाळांची कामं सुरू होतायत. दोन्हीकडे नाही पुरणार मी. तुम्ही घरं परत घ्या. नाहीतर स्पष्ट सांगा, मी ठेवतो आणि हाताखाली माणूस घेतो."

"शिडी नाही चढता येत मला, पोरा."

"शिडीचं कोण बोलतंय?"

"आणि व्हॅन कुठून आणू? दारात ते लाल डबडं आहे, तेवढंच."

"मी सुरुवात कशात केली? याहून लहान डबड्यात. गाडीतून होतं, इद्वल. फक्त काय घ्यायचं ते नीट निवडावं लागतं. आणि पाण्याची काळजी नको. खडूच्या, जड पाण्याच्या मुलखात राहत असता ना, तर गाळणी महिन्याला बदलावी लागली असती. आपल्या डोंगराचं पाणी मुळातच मऊ. माझ्या गॅरेजमधून भरून न्या."

हे पाणी म्हणजे गाळून गाळून इतकं निखळ केलेलं, की वाळल्यावर मागे काहीच उरत नाही. म्हणून फडकं लागत नाही, पुसणं लागत नाही. इद्वलला हे आयुष्यात पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायरिगने पाठीवरची टाकी आणली. वीस लिटरची, आत छोटा पंप, छोटी बॅटरी, पट्टे दप्तरासारखे. इद्वलचे डोळे चमकले.

"हीच. टेग्वेन, हीच घ्यायची."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना खिडक्यांतलं काय कळतं?"

भरलेली टाकी त्याने पाठीवर चढवली. फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मागून मला त्याची मान दिसत होती, पिठासारखी पांढरी पडलेली.

"जड नाहीये," तो म्हणाला.

"मग उचल की पाय."

पाय उचलला नाही. मी आणि मायरिगने दोन्ही बाजूंनी पट्टे सोडवले. त्या संध्याकाळी तो माझ्याशी नाही, घड्याळाशी बोलत होता.

मग चाकांची ढकलगाडी आली, मायरिगच्या मित्राची. पंचवीस लिटरचं पिंप, दोन चाकं, मूठ. सपाट रस्त्यावर कशी बदकासारखी चालली! पण आमच्या चॅपल स्ट्रीटवर फाटकापासून दारापर्यंत कुठे चौदा पायऱ्या, कुठे तेवीस. पहिल्या चार पायऱ्या मायरिगने चढवली, पाचवीवर पिंपाने त्यालाच खाली आणलं.

"ही गाडी सपाट गावच्या माणसाने बनवलीय," इद्वल म्हणाला. "त्याला इथे आणा आणि चढवायला लावा."

उरली डिकीत बसवायची टाकी. मागची सीट काढायची आणि सव्वादोनशे लिटरची टाकी बसवायची. दुकानदार फोनवर म्हणाला, गाडीला झेपतं का ते आधी बघा. कसं बघायचं? इद्वलने चॅपलच्या गायकवृंदातले खर्जात गाणारे तीन जाडे गडी गोळा केले. तिघांना मागे बसवलं, पुढे स्वतः बसला, तालमीनंतर चॅपलची टेकडी चढायला निघाला. अर्ध्या चढावर गाडीचं नाक आभाळाकडे आणि बूड रस्त्याला. एक मेंढी बाजूला उभी राहून बघत होती. तिला ओलांडून जाणं गाडीला जमेना.

"आम्ही उतरतो, इद्वल," मागून एक जण म्हणाला, "पण पाण्याला असं उतरायला सांगशील का?"

सगळे हसले. इद्वलही हसला, पण घरी आल्यावर त्याने टोपी खुंटीला नीट अडकवली, जशी रोज कामावरून परत आलेला माणूस अडकवतो, आणि म्हणाला, "मायरिगला कळवून टाक. ठेव म्हणावं घरं."

मी कळवलं नाही.

मी सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तीनशे पोरांचं सूप. एवढं पातेलं उचलून पोरांपर्यंत कोणी नेत नाही. पातेलं जागेवर राहतं, पळी फिरते. मी रात्रभर तेच घोळवत होते असं नाही. भांडी घासताना एकदम हात थांबला. सकाळी मी मायरिगला फोन केला.

"ती पाठीवरची टाकी पाठीवरच का लागते?"

"म्हणजे?"

"डिकीत राहू दे की ती. पाणी आत, पंप आत. नळी लांब कर."



"टेग्वेन, तुम्ही इतकी वर्षं होता कुठे?"

"सूप वाढत होते."

तो दुपारी आला, बरोबर बारीक नळीचं रीळ, पन्नास मीटरचं. चौदा पायऱ्या काय, तेवीस काय, नळी मांजरीसारखी वर चढली. पाण्यासाठी दहा-दहा लिटरचे कॅन. दहा लिटर म्हणजे दहा किलो, डॉक्टरांचा शब्द पाळणारे. बारा कॅन मागच्या सीटवर आणि सीटच्या खाली विभागून ठेवले, टाकी डिकीत, काठी छतावर जिथे पूर्वी शिडी असायची तिथे. गाडी जराशी खाली बसली, पण टेकडी चढली. हातात काठी धरून इद्वल अंगणात उभा राहिला. तो काठीचं वजन बघत होता. हलकी होती, वेताच्या छडीसारखी. डाव्या हाताने धरली, उजव्याने नुसती वळवली.

"बरी आहे," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याच्या तोंडून हे म्हणजे फुलांचा हार.

गुरुवारी आम्ही चॅपल स्ट्रीटची सहा घरं केली. मी कॅन ओतत होते, तो काठी फिरवत होता. घरं संपली तेव्हा काचा ओल्या होत्या, थेंब खाली ओघळत होते. त्याचा हात पुन्हा पुन्हा खिशातल्या फडक्याकडे जायचा. "पुसू नका म्हणाला मायरिग," मी म्हणायचे. त्या दिवशी आम्ही एका बाकावर बसून मनुका घातलेले तव्यावरचे केक खाल्ले आणि मला वाटलं, देवा, तुझे उपकार, आता सगळं मार्गी लागलं.

शुक्रवारी सकाळी मिस बेवन दारात उभी. चाळीस वर्षं तिने आमच्या खोऱ्यातल्या पोरांना शिकवलं, अजून ती बोलताना मी सरळ उभी राहते.

"टेग्वेन, माझ्या खिडकीवरून गोगलगाय फिरली की काय?"

मी जाऊन पाहिलं. काचभर पांढुरके ओघळ, इंद्रधनुष्यासारखी चमक. एकाच घराच्या नाही, सहाही घरांच्या काचांवर.

इद्वल खुर्चीत बसला होता. "बघ," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं. नुसत्या पाण्याने काच होत नसते. एक तारखेला मायरिगच घेईल."

"मायरिगची तर होते."

"त्याचं यंत्र वेगळं."

"यंत्र त्याचंच आहे."

मी डिकी उघडली. टाकीचं झाकण काढलं. लिंबाचा वास आला. माझ्या सिंकजवळच्या बाटलीचा वास. मी नुसतं वळून पाहिलं. एकतीस वर्षं साबणाच्या पाण्यात हात बुडवलेला माणूस माझ्यासमोर बुटांकडे बघत उभा होता.

"थेंबभरच घातला," तो म्हणाला. "फेस नाही म्हणजे काय धुतलं, हे मनाला पटेना."

मायरिगला सांगावं लागणारच होतं, टाकी त्याची. इद्वल स्वतः गेला, मी मागे. मायरिग व्हॅनची काच पुसत होता.

"मी टाकीत साबण घातला."

"किती?"

"थेंबभर."

"इद्वल."

"अर्धं झाकण."

मायरिग व्हॅनच्या पायरीवर खाली बसला. त्याचे खांदे हलत होते, मला वाटलं रागावला. तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी दोन झाकणं घातली होती, पहिल्या दिवशी. सबंध रस्ता डागाळला. माझ्या सासूचंही घर त्यात. अहो, शिडीवाला प्रत्येक माणूस हेच करतो! तुम्हीही कराल अशी पैज लावली असती, तर मी जिंकलो असतो."

मग तिघांनी मिळून टाकी रिकामी केली. नळीतून फेस निघायचा, गल्लीत वाहायचा, पुन्हा शुद्ध पाणी, पुन्हा फेस. दोन तास. शेवटी मायरिगने पाण्याची शुद्धता मोजणारं छोटं मीटर पाण्यात बुडवलं, आकडा शून्य झाला, तेव्हा त्याने ते इद्वलच्या हातात दिलं, जसं कोणी लेकराला पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती देतं, जपून.

शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पहिलं घर मिस बेवनचं. इद्वलने आधी चौकटीची वरची कड ब्रशने घासली, मग काच, मग ब्रश जरा लांब धरून नुसतं पाणी सोडलं. थेंब राहिले. तो खिशात हात घालायला गेला. खिसा रिकामा होता. फडकं मी घरीच ठेवलं होतं.

"चोर," तो म्हणाला.

आम्ही गाडीत बसलो. काच वाळायला पंधरा मिनिटं लागतात. मी थर्मासमधून चहा ओतला, त्याने कप धरला आणि प्यायचा विसरला. समोरच्या डोंगरावरून ढग निघाला, ऊन उतरलं, आधी पायथ्याच्या घरांवर, मग चढावर, मग त्या खिडकीवर. आम्ही दोघं तिच्याकडे असे बघत होतो जसे आजारी माणसाचा ताप उतरतोय का बघतात.

दार उघडलं. मिस बेवन बाहेर आली, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मान वर केली. एक पायरी उतरून पुन्हा पाहिलं. मग आत गेली. वरच्या खोलीचा पडदा सरकला आणि आतून ती काचेला नाक लावून बघताना दिसली, काच नसल्यासारखी.

ती पुन्हा खाली आली. गाडीच्या खिडकीशी वाकली.

"इद्वल, मागच्या दारच्या राहिल्यात."

"करतोय, मिस बेवन."

"मग बसलात कशाला?"

तो इतक्या घाईने उतरला, की चहा माझ्या स्कर्टवर. चटका बसला, पण मी काही म्हटलं नाही. मी तिसरा कॅन उघडून टाकीत ओतत होते, पाणी गळगळ आत जात होतं. त्या पाण्याचे, त्या लाल डबड्याचे, त्या नळीचे, पडूनही हातपाय हलते राहिलेल्या माझ्या माणसाचे, सगळ्यांचे मला आभार मानायचे होते आणि ओतता ओतता मी मानले, एकेकाचं नाव घेऊन.

संध्याकाळी बाकीची पाच घरं वाळलेली बघून इद्वल मायरिगच्या दारात गेला. घरं परत घेतो, असं सांगायचं ठरवून गेला होता. त्याआधीच मायरिगने आत जाऊन परसदारांच्या चाव्यांचा जुडगा आणला, एकशे बारा घरांचा, आणि त्याच्या डाव्या हातात ठेवला.

"बारा नंबरचा कुत्रा बांधायला सांगा," तो म्हणाला. "चार महिन्यांत मला दोनदा चावलाय."