पांगाऱ्याची नऊ बदकं

किसनरावांनी सरकारी नोकरीत एकूण चौदा पाझर तलाव बांधले. तेरा वरून आदेश आला म्हणून. चौदावा, दर्यापूर रस्त्यावरचा, त्यांनी स्वतः सुचवला आणि प्रस्तावातल्या ‘अपेक्षित लाभ’ या रकान्यात शेवटी आपल्या अक्षरात लिहिलं, ‘हिवाळ्यात रानबदके उतरतील.’ असा लाभ त्याआधी कोणी लिहिला नव्हता. रकान्यात जागा उरली होती, म्हणून तोही मंजूर झाला.

तलाव भरला. एकवीस हिवाळे गेले. बगळे आले, म्हशी आल्या, लग्नाआधीचे फोटो काढणारे आले. बदक एकही उतरलं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषणात म्हणाले, “किसनरावांचं काम चोख. फक्त बदकांनी सहकार्य केलं नाही.” सभागृह हसलं. किसनरावही हसले. घरी गेल्यावर त्यांनी शाल-श्रीफळ टेबलावर ठेवलं आणि लाकडी बदकं कशी कोरतात याचे व्हिडिओ बघायला बसले.

परदेशात शिकारी लोक लाकडी बदकं पाण्यावर सोडतात. वरून उडणाऱ्या बदकांना वाटतं, आपली मंडळी बसली आहेत, म्हणजे जागा बरी असेल. ती उतरतात आणि गोळ्या खातात. किसनरावांना यातला उतरण्यापर्यंतचाच भाग हवा होता.

त्यासाठी त्यांनी आम्हाला जमवलं. अकोल्याच्या जुन्या शहरातले शफीक मिस्त्री तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, लाकडी नंदी कोरतात. पस्तीस वर्षं त्यांच्या हातचे नंदी घेऊन पोरं मिरवतात आणि बक्षिसं मिळवतात. माधवीबाई शाळेत चित्रकला शिकवतात. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. बसल्या जागी माझा पाय सतत हलतो, म्हणून डॉक्टरांनी मला छंद सांगितला होता. दर रविवारी शफीकभाईंच्या कारखान्यात आम्ही चौघं बदकं करायला लागलो.

पहिलं बदक बाभळीचं झालं. ते शांतपणे बुडालं. मग शफीकभाईंनी पांगारा आणला. पांगारा हलका, बदक तरंगलं. पोटाखाली नट ठोकून तोल साधला. माझं बदक तरीही डावीकडे कलायचं. विषयाचा आणि त्याचा संबंध नसावा.

जात ठरली हळदीकुंकू बदकाची. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. माधवीबाई ठिपके द्यायला बसल्या तेव्हा शफीकभाई बघतच राहिले.

“बाई, हे मादीच असंन ना?”

“नर-मादी दोन्ही सारखेच. दोघंही लावतात.”

“मंग बरं हाये. घरात भांडन नाई.”

दोन हिवाळे असे गेले. खरी बदकं वरून यायची, तलावावर एक फेरी मारायची आणि पुढच्या धरणाकडे निघून जायची. चौकशी करून माल न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. किसनरावांनी रंगाची चकाकी घालवली, लाकडी बदकं जागी धरणाऱ्या दोऱ्यांची लांबी बदलली, बदकांमधलं अंतर टेपनं मोजून पाहिलं. पाण्यात कमरेइतके उभे राहून ते टेप धरत आणि काठावरून मी आकडे लिहून घेई. फरक शून्य.

यंदा मात्र तारीख पडली. अकोल्याचं घर विकलं गेलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलगा गाडी घेऊन येणार आणि त्यांना पुण्याला नेणार होता. फ्लॅट अकराव्या मजल्यावर.

“तिथून पक्षी लय दिसतात म्हने पोरगा,” किसनराव म्हणाले, “पन वरून. पाठी.”

त्यानंतर आम्ही रोजच जमायला लागलो आणि ते एका जागी बसेनात. कारखान्यात आले की कानस उचलत, ठेवत, दारात जात, आभाळ बघत, परत येत. त्यांचं बघून माझा दुसरा पायही हलायला लागला. शफीकभाईंनी शेवटी पटाशी खाली ठेवली.

“किसनभाऊ, बसा ना यार. तुमी फिरून राहिले तं माहा हात फिरते.”

“दहा दिवस राहिले शफीकभाई.”

“तं मी काय करू? बदकाले फोन लावू?”

बदकं का उतरत नाहीत, हे माधवीबाईंच्या लक्षात आलं. त्या एकट्याच पुढच्या धरणावर जाऊन खरी बदकं चितारून आल्या होत्या. रविवारी त्यांनी वही उघडून आमच्या नऊ बदकांच्या ओळीशेजारी ठेवली आणि विचारलं, “काही दिसतं का?”

काही दिसेना.

“माना बघा. खरी बदकं दहातली आठ झोपलेली आहेत. डोकं मागे वळवून पाठीवर ठेवलंय. आणि आपली? सगळी पोलिसांची गाडी दिसल्यासारखी उभी आहेत. वरून बघणारं बदक म्हणत असेल, इथे काहीतरी झालंय, चला पुढे.”

आम्ही बदकांकडे पाहिलं. नऊच्या नऊ माना ताठ, छाती पुढे, नजर समोर. गळ्यात घुंगरमाळ तेवढी नव्हती. शफीकभाईंनी नकळत पस्तीस वर्षांचे नंदीच कोरले होते आणि माझं बदक हा त्यांच्यातला लंगडा नंदी होता.

शफीकभाईंना ते लागलं. “मान खाली घातलेला नंदी कोन घेते, बाई? लेकरू रडते. बक्षीस भेटत नाई. मी जिंदगीभर मान वर काढून राहिलो.”

“हे बदक आहे, शफीकभाई.”

“मले मालूम हाये. हाताले मालूम नाई.”

हाताला खरोखरच माहीत नव्हतं. सोमवारी केलेलं बदक झोपेतून दचकून उठल्यासारखं दिसत होतं. मंगळवारचं कोणावर तरी रागावलं होतं. बुधवारी त्यांनी एक मान एवढी दाबली की ते आजारी वाटायला लागलं. वहीतलं चित्र समोर होतं, पण पटाशी मानेपाशी आली की आपोआप वर वळायची. किसनराव मागे उभे राहून प्रत्येक वेळी “थोडं अजून खाली” म्हणत होते, त्यानं हात आणखी बिघडत होता.

गुरुवारी दुपारी किसनराव आले तेव्हा त्यांच्या घरातलं सामान ट्रकमध्ये चढलं होतं. आता घरी खुर्चीही नाही, असं त्यांनी सांगितलं आणि कारखान्यातल्या खुर्चीवर बसले. चहा आला. कप अर्धा झाला आणि त्यांचं डोकं हळूहळू वळून खांद्यावर टेकलं. हनुवटी सदऱ्यात गेली. तारीख पडल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होतो.

मी उठवायला निघालो. शफीकभाईंनी माझा दंड पकडला आणि बोट ओठांवर ठेवलं. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी पांगाऱ्याच्या ठोकळ्यावर थेट रेघा ओढायला सुरुवात केली. मान कुठून वळते, खांदा कुठे उचलला जातो, ओझं कुठे टेकतं. मग पटाशी घेतली आणि पाऊण तास ते एकदा किसनरावांकडे, एकदा लाकडाकडे बघत राहिले. माझा पाय हलला की डोळे वटारत.

किसनराव जागे झाले तेव्हा बदक झोपलेलं होतं.

“हे जमलं,” ते म्हणाले. “कशावरून केलं?”

“असाच एक नमुना भेटला,” शफीकभाई म्हणाले. “थोडा घोरत होता.”

शनिवारपर्यंत नऊपैकी सात माना कापून नव्या बसवल्या. माधवीबाईंनी सातही डोकी रंगवली. एक बदक पहाऱ्याला म्हणून ताठ ठेवलं. ते शफीकभाईंच्या आग्रहाखातर. माझं होतं तसंच राहिलं, कारण त्याची मान कापली असती तर उरलं असतं काय, असा प्रश्न होता. दुपारी गोणीत भरून, बदकं तलावात सोडायला जीपनं निघालो. कारखान्याशेजारच्या बाईंनी गोणीत डोकावून विचारलं, “अंडे देतात का जी?”

“अजून तं नाई,” किसनराव म्हणाले.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या आडोशामागे बसलो. मुलगा बांधावर गाडीत होता. अकरापर्यंत निघायचंच, असं त्यानं सांगितलं होतं. हॉर्न वाजवायचा नाही, असं आम्ही त्याला तीनदा सांगितलं होतं. साडेसातपर्यंत काही नाही. किसनराव तीनदा उभे राहिले, तीनदा माधवीबाईंनी त्यांना सदऱ्याला धरून बसवलं. आठला एक थवा आला, फेरी मारून गेला. त्यानंतर किसनराव उठले नाहीत. थोड्या वेळानं पाहिलं तर डोकं खांद्यावर, हनुवटी सदऱ्यात.

आणि पावणेनऊला तो थवा परत आला.

एक फेरी. दुसरी, खाली. मग पाय पुढे करून, पाणी चिरत, एकामागोमाग एक. पुढचा प्रश्न आम्हा तिघांना एकदमच पडला. हा माणूस खोकून, मोठ्यानं “हां?” करून जागा होतो. उठवावं तर बदकं उडणार. न उठवावं तर तेवीस हिवाळ्यांनी आलेली गोष्ट झोपेत निघून जाणार. शफीकभाई माझ्याकडे बघत होते, मी माधवीबाईंकडे. त्या वहीकडे बघत होत्या.

“किती?”

आवाज सदऱ्यातून आला. किसनरावांचे डोळे मिटलेलेच होते.

“तुमी जागे हाये?” शफीकभाई कुजबुजले.

“पंखांचा आवाज झाला तवाच. किती हाये?”

“बघा ना तुमी. डोळे उघडा.”

“नाई उघडत. उघडले तं मी उठून उभा राहीन. माहा भरोसा नाई.” मिटलेल्या पापण्यांखाली त्यांची बुबुळं हलत होती. “सर, तुमी मोजा. लाकडाचे वजा करून.”

मी मोजली. बदकं हलत होती, त्यामुळे चुकलो, परत मोजली. “अकरा.”

“कुठं बसले?”

“पाच झोपलेल्यांजवळ. चार मधोमध. दोन माझ्या कललेल्याजवळ.”

“पहाऱ्याच्याजवळ?”

“कोणी नाही.”

शफीकभाईंनी मान खाली घातली. किसनराव मांडीखाली दोन्ही हात दाबून बसले होते. बांधावर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला; मुलगा पाय मोकळे करायला उतरला असावा. अकरा माना एकदम वर झाल्या.

“उडाले?” किसनरावांनी विचारलं.

“नाही. बघून राहिले.”

“मंग आता पाहतो,” ते म्हणाले, आणि एकच डोळा उघडला.