ढोलीची न लिंपलेली जागा

मित्रांनो, मी करडी गावातली एक जुनी ढोली आहे. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी. बुरडाने मला विणलं आणि कुंताबाईने आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलं. दिवाळीनंतर धानाने माझं पोट भरायचं, उन्हाळ्यात रिकामं व्हायचं. "आमची ढोली उंदराले दाद देत नाही," असं कुंताबाई शेजारणींना सांगायची, तेव्हा मी फुगून जायचे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तुमसरच्या मजूरवस्तीत देवीची साथ आली. तेव्हा देशभर देवीची लस टोचणारे दारोदार फिरत होते, एकही घर सुटू नये म्हणून. आमच्या गावात मात्र पक्की समजूत होती, की टोचलं तर माता माय कोपते. बाया पोरं घेऊन रानात पळाल्या. कुंताबाईला तेवढा वेळ मिळाला नाही. तान्ह्या भोजराजला तिने पदराखाली घेतलं, पाच वर्षांच्या रुखमाला उचलून माझ्यात सोडलं आणि वर सूप झाकलं.

"चूप बसजो माय. बोलू नोको."

टोचणारे मधुकरराव दारात आले. "पोरगी कुठी आहे बाई?"

"नाही जी, मामाच्या गावाले गेली."

"आली की सांगजा. साथ जवळ येऊन राहिली."

रुखमा माझ्या पोटात शहाण्यासारखी बसली होती. नखाने लिंपण खरवडून तिने बोटाएवढं भोक पाडलं आणि त्यातून ती आईकडे बघत राहिली. मला वाटलं, धानासारखंच लेकरूही मी सांभाळलं. केवढी खुळी मी!

पुढे तुमसरहून पाहुणे येऊन गेले आणि रुखमा तापाने फणफणली. अंगभर फोड उठले. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. मधुकरराव पुन्हा आले. कोणी आत-बाहेर करू नये म्हणून त्यांनी दारापाशी राखणदार बसवला आणि साऱ्या गावाला टोचलं. या वेळी कोणी पळालं नाही. भोजराजला कुंताबाईने स्वतः पुढे केलं. साथ आमच्याच घरी थांबली, पण रुखमा गेली.

त्यानंतर कुंताबाई कितीतरी दिवस माझ्याकडे बघत नव्हती. धान भरायची वेळ आली तेव्हा मला धरून ती खूप रडली.

काही वर्षांनी भोजराज शाळेतून धावत आला. "वो माय, देवी साऱ्या जगातून गेली म्हणते!"

"जातानी आपल्या रुखमाले घेऊन गेली बापा," एवढंच ती बोलली.

आता घरात पत्र्याची कोठी आली आहे. मी कोपऱ्यात असते, उरलंसुरलं धान तेवढं माझ्यात येतं. तरी कुंताबाई दरवर्षी मला लिंपते, फक्त ते भोक तेवढं सोडते. त्यातून धान सांडतं. शेजारची ताराबाई म्हणते, "बुजवून काहून नाही टाकत?"

"राहू दे. तिथून माही पोरगी पाह्यते."

मित्रांनो, माझ्यात धान ठेवा, बियाणं ठेवा. साथ आली की लेकरू मात्र अंगणात आणून उभं करा.