दिवसा लागलेली कडी

मी एक जुनी कडी आहे. सोनगीरच्या लोहाराने मला भट्टीत लाल करून ठोकून काढलं आणि चुडामणभाऊंच्या दाराला बसवलं. मित्रांनो, कडीचं काम ते काय! रात्री लागायचं, पहाटे उतरायचं. दिवसा मी नुसती लोंबकळायची आणि त्याचाच मला तोरा होता. आमच्या गल्लीत दिवसा दार लावणं म्हणजे आल्यागेल्याचा अपमान. "चुडामणना दारले दिवसाले कडी नही," असं लोक कौतुकाने म्हणत. मग मीही वाऱ्यावर फळीवर आपटून जरा मिरवून घ्यायची.

पुढे चुडामणभाऊंच्या पत्नीला, मंजुळाबाईंना, अंडाशयाचा कर्करोग झाला. लेक दिपमाला लग्नाची, स्थळ आलेलं. बाईमाणसाचा असला आजार चारचौघांत सांगायचा कसा? घराने तोंडाला कुलूप घातलं. "मंजुळा मुंबईले भाचाकडे जायेल शे," एवढंच भाऊ दारात उभं राहून सांगत.

खरं काय ते दिपमाला त्यांना समजावून सांगायची, म्हणून मलाही कळलं. मुंबईच्या दवाखान्यात आईच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून गोठवून ठेवल्या होत्या. मग जबर डोसाची केमो दिली. तिने रोगाबरोबर नवं रक्त तयार करणारा हाडांतला मगजही जळतो. म्हणून राखून ठेवलेल्या पेशी परत अंगात सोडल्या, बियाणं राखून ठेवावं आणि मग पेरावं तसं. या रोगाला हा उपाय सहसा करत नाहीत आणि गुण येईलच असंही नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

मंजुळाबाई घरी आल्या तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि अंगात उभं राहण्याचं बळ नव्हतं. दिपमाला वडिलांना म्हणाली, "दादा, पीक अजून कोवळं शे. कोन्हाले घरमा येऊ देवानं नही. कडी लावा."

भाऊंनी मला हातात धरलं. मी कोयंड्याच्या अगदी जवळ आले. मग त्यांनी मला सोडून दिलं.

"दिवसाले कडी लायी तं लोके काय म्हनतीन?"

मित्रांनो, मला त्या वेळी बरंच वाटलं हो! माझी अब्रू राहिली, असं वाटलं. आज ते आठवलं की गंज चढल्यासारखं होतं.

समोरच्या झुंबरबाई, म्हणजे मंजुळाबाईंच्या थोरल्या चुलतजाऊ, मुंबईहून आलेल्या जावेला भेटायला नेहमीसारख्या थेट आत शिरल्या. त्यांना खोकला होता. त्यांनी जावेला मायेने पोटाशी धरलं. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, मग त्यांचा काय दोष? पुढे मंजुळाबाई तापाने फणफणल्या. त्यांना धुळ्याला नेलं, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मी लोंबकळत होते. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. भाऊ तर माझ्याकडे बघेनात.

मरणाच्या दारातून मंजुळाबाई परत आल्या. आल्या आल्या भिंतीला धरत दारापर्यंत आल्या आणि भर दुपारी स्वतःच्या हाताने त्यांनी मला लावलं. थोड्याच वेळात दारावर थाप पडली.

"दिवसाले कडी? काय झायं वं?" झुंबरबाईंचा आवाज.

मंजुळाबाई खिडकीपाशी गेल्या. "अक्का, माले कॅन्सर शे. अंडाशयना. तुमना खोकला माले मारी टाकी. तुम्ही बाहेरच बसा."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. आत भाऊंनी मान खाली घातली. बाहेर झुंबरबाई ओट्यावर मटकन बसल्या. "माले कोन्ही सांगं नही, माय," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

त्या दिवसापासून त्या ओट्यावरून हलल्या नाहीत. कोणी आलं की, "बठ्ठा बाहेर! खिडकीमाईन बोला!" अशी सगळ्यांना गर्जना. लोक खिडकीतून बोलून जात. कोणी रागावलं नाही. दिपमालाचं स्थळही मोडलं नाही. ज्याला भिऊन बाई मरणाच्या दारात ढकलली, ते भय फुसकं निघालं.

मित्रांनो, रोग नावानिशी सांगा. दार लावायची वेळ आली तर लाजू नका आणि दुसऱ्याचं दार लागलेलं दिसलं तर रागावू नका.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मंजुळाबाईंनी मला उतरवलं. दार उघडलं, पण झुंबरबाई उंबऱ्याबाहेरच घुटमळल्या. त्यांची नजर वर होईना.

"या ना, अक्का."

"थांब वं. पहिले हात धुईसन येस," असं म्हणून त्या नळाकडे वळल्या.