आपला क्रमांक स्वीकारला जात नाही

रादोये डेअरीच्या पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, आणि ते पाहून मिलोसावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐन जुलैतली सकाळ. या वेळी त्याची गाडी डोंगराच्या अर्ध्या वाटेवर हवी, मागे रिकामे कॅन खडखडत असायला हवेत. आणि हा गडी टरफलांचा ढीग करून बसलेला.

"उशी आणून देऊ का?" तिने विचारलं.

"मी काय करू, ताई? वरून रिंगच आली नाही."

"काल नाही, परवा नाही, आजही नाही?"

"परवा आणि काल धुकं होतं. धुक्यात वर कुणाला रेंज मिळते?"

मिलोसावाने मान वर करून पाहिलं. सिन्यायेविनाचं पठार धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख दिसत होतं. धुक्याचा मागमूस नव्हता.

त्या डोंगरावर उन्हाळ्यात गुरं आणि मेंढ्या घेऊन जाणाऱ्यांच्या झोपड्या दूरदूर पसरलेल्या आहेत, आणि वाटा अशा की गाडीचा खुळखुळा होतो. म्हणून रादोये आंधळेपणाने वर जात नसे. ज्याचं दूध तयार, तो आपापल्या रेंजच्या धोंड्यावर चढायचा आणि डेअरीला मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे ये. दोन रिंग म्हणजे येऊ नकोस. गाय आजारी असेल, वाट खचली असेल, घरात भांडण झालं असेल, कारण काहीही असो, दोन रिंग आल्या की जायचं नाही. फोन कुणी उचलत नसे, त्यामुळे कुणाचा बॅलन्स जात नसे. डेअरी दरीत, तिथे मोबाईल म्हणजे नुसती पेटी. म्हणून सगळी भिस्त स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या तारेच्या फोनवर. नंबर दिसायचा, घंटा वाजायची, मिलोसावा खिडकीतून नाव ओरडायची आणि रादोये गाडी काढायचा. डेअरी चालायची ती अशी.

आणि एक रिंग दुधाची नव्हती. ती योकामावशीची. नवरा गेल्यापासून म्हातारी वर एकटीच राहायची. रोज संध्याकाळी दाराला कडी लावण्याआधी ती धोंड्यावर जाऊन एक रिंग द्यायची, आणि मिलोसावा इकडून एक रिंग परत द्यायची. मी आहे. बरं, मीही आहे. याबद्दल दोघी समोरासमोर कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर दोघींनाही लाज वाटली असती.

"गाडी काढ," मिलोसावा म्हणाली. "मी येते."

वाटेत तिच्या मनात नवा फोन काट्यासारखा सलत होता. तारेची लाइन कायमची बंद होणार, असं फोन कंपनीने वसंतातच कळवलं होतं, तेव्हा नवं काहीतरी घेणं भाग होतं. हिशेबबिशेब बघणारा तिचा धाकटा भाऊ वुकोता भलताच खूश झाला. त्याने राजधानीहून, पोदगोरित्साहून, नेबोयशा नावाच्या विक्रेत्याला बोलावलं. नेबोयशा चकचकीत बूट घालून आला, कॉफी प्यायला, राकियाला, घरच्या दारूला, आधी नको म्हणाला आणि मग दोन पेले प्यायला. त्याने टेबलावर तीन प्रकार मांडले. सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसता इंटरनेटवरचा फोन. सगळ्यात महाग म्हणजे हॉटेलांना लागतो तसला थाट. मधल्यात मंजूळ आवाजाची बाई स्वागत करणार, चीजसाठी एक दाबा, लोणी-सायीसाठी दोन दाबा, सहानंतर कार्यालय बंद. वर निरुपयोगी फोन आपोआप अडवण्याची सोय.

वुकोताने तिला संगणकावर रंगीत खांब दाखवले होते. "बघ ताई, दहातले आठ कॉल शून्य सेकंदांचे. नुसता कचरा."

मिलोसावाचे हात तेव्हा कोपरापर्यंत दह्याच्या पाण्यात होते. नेबोयशाने अदबीने विचारलं होतं, "मॅडम, तुमच्यासाठी महत्त्वाचे फोन कुणाचे?"

"हॉटेलवाल्यांचे. किनाऱ्यावरच्या दुकानांचे."

"आणि जे उगाच वाजवून ठेवून देतात, त्यांचं काय करायचं?"

"हाकलून द्या," ती म्हणाली होती.

मधला प्रकार तिनेच निवडला होता. त्या बाईचा आवाज ऐकून आपली डेअरी मोठी झाल्यासारखं तिला वाटलं होतं. फोन स्वयंपाकघरातून उठून वुकोताच्या कार्यालयात गेला, काळा, चपटा, घंटा नसलेला. पहिल्या संध्याकाळी ती सवयीने भिंतीशी जाऊन उभी राहिली, तेव्हा तिथे नुसती खुंटी होती. कार्यालयाला कुलूप होतं. धुकं आहे, रिंग येणार नाहीच, असं म्हणून ती कांदा चिरायला वळली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच झालं.

वळणावर रादोयेने करकचून ब्रेक लावला. योकामावशीचे कॅन रस्त्याच्या कडेला उपडे पडले होते. मातीवर दूध सुकून पांढरा पापुद्रा धरला होता आणि त्यावर माश्यांचं मोहोळ उठलं होतं. कॅन आपोआप लवंडलेले नव्हते. झाकणं नीट काढून बाजूला ठेवली होती. कुणीतरी ठरवून ओतलेलं दूध होतं ते.

"अरे देवा," रादोये म्हणाला. "हिला झालं काय?"

मिलोसावा खाली उतरली आणि झोपडीपर्यंतचा चढ धापा टाकत चढली. मनात नाही नाही ते येत होतं. पण योकामावशी अंगणात लाकडं फोडत होती. काळा रुमाल, काळा झगा, हातात कुऱ्हाड. तिने मान वर केली नाही.

"मावशी! बरी आहेस ना?"

कुऱ्हाड खाली आली. लाकूड दुभंगलं.

"कोण आहे?" म्हातारी म्हणाली. "आपला क्रमांक स्वीकारला जात नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही का? आपला क्रमांक स्वीकारला जात नाही. ही वाट खाली जाते."

मिलोसावाला क्षणभर वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मग तिला त्या वाक्याचा सूर ओळखू आला. अगदी तो मंजूळ, साखर पेरलेला आवाज. योकामावशीने त्याची हुबेहूब नक्कल केली होती.

"मावशी, ते मशीन आहे गं."

"मग मशीनला सांग, येऊन कॅन उचल. मशीनला सांग, माझ्या गाईच्या पाया पड." योकामावशी आता तिच्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत असा जाळ होता की मिलोसावा एक पाऊल मागे सरली. "परवा सकाळी धुक्यातही रेंज मिळाली, एक रिंग दिली. पुरती वाजायच्या आत ती बया फोनवर. चीज हवं असेल तर एक दाबा! मला सांगते? माझ्याच दुधाचं चीज मला विकतेस? बॅलन्स गेला तो गेलाच. मला वाटलं, चुकून लागला दुसरीकडे. परत लावला. परत गेला. पोरानं भरून दिलेला बॅलन्स दोन दिवसांत तुझ्या त्या बयेनं गिळला. त्या पलीकडच्या झोपडीतल्या नोव्हित्साचाही गेला. आम्ही म्हटलं, मिलोसावानं नवा धंदा काढला, गरिबाच्या खिशात हात घालायचा!"

"अगं, तसं कसं करीन मी?"

"मला काय ठाऊक तू काय करशील? धुकं उठून ऊन चढेपर्यंत कॅनजवळ बसले मी. दूध फुटलं. मग ओतून टाकलं." तिने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. तिचा आवाज खाली आला, आणि तो जास्त वाईट होता. "ते जाऊ दे. दूध परत येतं. संध्याकाळी कडी लावायला गेले तेव्हा रिंग दिली. ती म्हणते, कार्यालय बंद आहे. म्हटलं, असेल. दुसऱ्या संध्याकाळी परत दिली. तेव्हा म्हणते, क्रमांक स्वीकारला जात नाही. मला वाटलं, तू मेलीस."

"मावशी..."

"गप्प. रात्रभर मला वाटलं, तू मेलीस. सकाळी उठून विचार केला, मेली असती तर कुणीतरी सांगायला वर आलं असतं. म्हणजे जिवंत आहे. जिवंत आहे, आणि मी नको आहे." योकामावशीने फोडलेली लाकडं उचलून छातीशी धरली. "खालचा मोठ्या डेअरीचा टँकर दर आठवड्याला विचारतो. शनिवारी त्यांना हो म्हणणार आहे. आणि सप्टेंबरात गाई विकून लेकाकडे निक्शिचला. आता जा. माझं कार्यालय बंद आहे."

दार लागलं. कडीचा आवाज बाहेरपर्यंत आला.

मिलोसावा खाली आली ती वाफ कोंडलेल्या भांड्यासारखी. वुकोता कार्यालयात पाय पसरून बसला होता.

"ताई, बरं झालं आलीस! पहिल्या तीन दिवसांत बघ, एकही कचरा कॉल नाही."

"कुणाला कचरा म्हणतोस रे गाढवा?" तिने टेबलावर मूठ आपटली, तसा कॉफीचा पेला उलटला. "कचरा? तू ज्याला कचरा म्हणतोस ना, ते रोज वरून खाली येणारं दूध आहे! तुझी गाडी, तुझे बूट, तुझ्या बायकोचं पार्लर, सगळं त्या शून्य सेकंदांतून निघतं! आणि तू त्यांना अडवलंस. योकामावशीला अडवलंस!"

"मी?" वुकोताही उठून उभा राहिला. तोही त्याच आईचा मुलगा होता. "मी अडवलं? तुला विचारलं होतं! तुझ्या तोंडावर विचारलं, महत्त्वाचे फोन कुणाचे. तू म्हणालीस हॉटेलवाल्यांचे. उगाच वाजवणाऱ्यांचं काय करायचं विचारलं, तर हाकलून द्या म्हणालीस! योकामावशीचं नाव घेतलंस? एकदा तरी?"

ते खरं होतं म्हणून मिलोसावाचा संताप दुप्पट झाला. तिने नाव घेतलं नव्हतं, कारण त्या रिंगेला फोन म्हणायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. फोन म्हणजे ज्यात बोलतात तो. ही तर सकाळी कोंबडा आरवावा तशी, घरातलीच गोष्ट. कोंबड्याबद्दल विक्रेत्याला कोण सांगतं?

"त्या चकचकीत बुटाला फोन लाव," ती म्हणाली.

नेबोयशा फोनवर आला, तोही मंजूळ. तिने त्याला काय हवं ते सांगितलं. जुना नंबर स्वयंपाकघरात वाजला पाहिजे. कुणी उचलायचं नाही, बाई बोलायची नाही, कुणाला अडवायचं नाही, सहा वाजता बंद व्हायचं नाही. वाजला पाहिजे आणि थांबला पाहिजे.

"मॅडम, पण मग सिस्टीम करणार काय?"

"काही नाही."

"काही नाही असा पर्याय आमच्याकडे..."

"बाळा," मिलोसावा म्हणाली, आणि वुकोताने डोळे मिटून घेतले, कारण ती बाळा म्हणाली की पुढे काय येतं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. "तू माझ्या टेबलावर बसून माझी राकिया प्यायलास. आता तुझी ती मंजूळ बया घेऊन इकडे ये, नाहीतर मी पोदगोरित्साला येते आणि तुझ्या साहेबासमोर तुला चीजसाठी एक दाबायला लावते. काहीच न करणारा फोन मला उद्या संध्याकाळच्या आत हवा. पैसे देते त्याचे. पण काहीच करता कामा नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. हॉटेलवाल्यांसाठी वेगळा नंबर काढला, त्यावर ती बाई बसवली. जुना नंबर भिंतीवरच्या खुंटीला लटकणाऱ्या नव्या फोनवर आणला. अडवलेल्यांच्या यादीत डोंगरावरची बहुतेक सगळी माणसं होती. मिलोसावा त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि एकेक नाव मोकळं करवून घेतलं. त्याने राकिया मागितली नाही आणि तिने विचारली नाही. फोनची घंटा चिमणी चिरडल्यासारखी होती. ती बदलता येते, असं तो म्हणाला. "हात लावू नकोस," ती म्हणाली.

रादोये सकाळपासून वर सगळ्या झोपड्या हिंडून आला होता. नोव्हित्साने शिव्या घातल्या आणि मग पुन्हा रिंग द्यायला हो म्हणाला. बाकीचेही शिव्या घालून हो म्हणाले.

"आणि योकामावशी?"

रादोयेने टोपी हातात फिरवली. "दार उघडलं नाही. मी बाहेरून ओरडून सांगितलं. आतून काही नाही."

त्या संध्याकाळी मिलोसावा स्वयंपाकघरात उभी राहिली. नोव्हित्साची एक रिंग आली, उद्या ये. मग आणखी दोघातिघांची. डोंगरावरचं ऊन उतरलं, कडी लावायची वेळ आली आणि गेली. फोन भिंतीवर गप्प होता. वुकोता दारात येऊन उभा राहिला आणि मग कांदा चिरायला बसला. तो जन्मात कधी कांदा चिरायला बसला नव्हता.

मिलोसावाला राग आला. नेबोयशाचा आला, वुकोताचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला, आणि मग त्या हट्टी म्हातारीचाही आला. इतकी वर्षं मिलोसावाने स्वतः कधी पहिली रिंग दिली नव्हती. पहिली नेहमी वरून यायची. तिने फोन उचलला आणि योकामावशीचा नंबर दाबला. एक रिंग होऊ दिली. ठेवला.

काहीच झालं नाही. वुकोताची सुरी थांबली होती. धोंड्यावर चढायला म्हातारीला वेळ लागतो, मिलोसावा स्वतःला म्हणाली. पण चढायला ती बाहेर तरी यायला हवी. रिंग ऐकायला धोंड्यावर आधीच असायला हवी. म्हणजे रिंग पोचलीच नसेल, आणि तिला वाटत असेल की आजही खालून काही नाही.

मग तो फोन चिरका ओरडला. एक.

मिलोसावा भिंतीशी गेली.

दोन. आणि थांबला.

"दोन," वुकोता हळूच म्हणाला. "येऊ नकोस म्हणते, ताई."

मिलोसावाने मळक्या एप्रनने तोंड पुसलं. म्हातारी जिवंत होती. डोंगरावरच्या गारठ्यात धोंड्यावर उभी राहून, खालच्या फोनची वाट बघून, मग तिने मोजून दोन रिंग दिल्या होत्या. राग बाकी होता, पण तो राग तिने मिलोसावालाच कळवला होता.

"ऐकलं मी," मिलोसावा म्हणाली, आणि खिडकीतून ओरडली, "रादोये! पहाटे गाडी काढ. कॅन धुऊन घे. योकामावशीकडे जायचंय."