षटकोन आखणारा दोर

मित्रांनो, मी एक जुना तागाचा दोर आहे. ध्यानगृहामागच्या अवजारांच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. लोक आम्हा दोरांना पिळावरून टोमणे मारतात. पण पीळ नसता, तर मी नुसता तागाचा पुंजका राहिलो असतो.

पूर्वी मी गवताचे भारे बांधायचो. कष्ट भरपूर, कौतुक शून्य. एके दिवशी एका तरुण वास्तुरचनाकार मुलीने मला ताणून पाहिलं आणि म्हणाली, "हाच हवा."

तिच्या आत्याला ध्यानासाठी घर बांधायचं होतं. इस्पितळात परिचारिका म्हणून काम करताना घंटा आणि हाका ऐकून आत्याचे कान किटले होते. जवळच्या भट्टीतल्या विटा, ओढ्यातले दगड, वर बांबूचं छप्पर, हे सगळं तिला पसंत होतं. फक्त भाचीचा षटकोन तिच्या गळी उतरत नव्हता.

"अगं, चार भिंतींनी तुझं काय घोडं मारलंय?"

"आत्या, यात सहाही कोपरे मध्यापासून सारख्या अंतरावर येतात, आणि प्रत्येक भिंतही नेमकी तेवढ्याच लांबीची. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. अशा आकृत्यांना माणसं उगाच पवित्र मानत आली का?"

"बरं. पण उद्या आखणी जुळली नाही, तर मुकाट्याने चौकोनी खोली."

त्या संध्याकाळी मला मधल्या खुंटीला बांधून मुलीने जमिनीवर वर्तुळ काढलं. सकाळी त्या रेषेवर एक खुंटी ठोकून तिथून माझ्याच लांबीची सहा पावलं टाकली, की सहावं बरोबर त्याच पहिल्या खुंटीवर यायला हवं. मला तर कधी एकदा सकाळ होते असं झालं होतं.

सकाळी सहावं पाऊल खुंटीच्या हातभर अलीकडेच थांबलं.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली.

मुलीचा चेहरा उतरला. तिने खुंट्या हलवून पाहिल्या, मग मला पुन्हा हातात घेतलं आणि थबकून बांधकामाच्या गवंड्याकडे पाहिलं.

"मिस्त्रीकाका, हा ओला कसा?"

"विटांबरोबर रात्री हौदात टाकला की. भिजवल्याशिवाय मी काही वापरत नाही."

मुलगी हसतच सुटली. "अहो काका, विटेला पाणी पाजा, दोराला नको. धागे फुगले, पीळ आवळला आणि दोर आखडला. काल लांब होता, आज आखूड झालाय."

"म्हणजे भूमिती नापास नाही?" आत्याने विचारलं.

"नाही गं. दोर आंघोळ करून आलाय."

मिस्त्रीकाकांनी जीभ चावली आणि स्वतःच मला उन्हात ताणून बांधलं. वाळल्यावर मुलीने वर्तुळही माझ्याच मापाने नव्याने काढलं. सहाव्या पावलाला माझं टोक आत्याने धरलं. ते खुंटीला अलगद टेकलं. आत्या सरळ मध्यावर जाऊन मातीत मांडी घालून बसली.

"ताई, अजून भिंती कुठायत?" मिस्त्रीकाका म्हणाले.

"तुम्ही बांधा. माझं सुरू झालंय."

नंतर घर उभं राहिलं आणि सगळे मला विसरले. उंदराने माझं एक टोक कुरतडलं, बरीच धूळ बसली. पण परवा मुलीने मला झटकून उतरवलं. शेजारी वाचनघर बांधायचंय म्हणे. या वयात पुन्हा वर्तुळ आखायचं, याहून मोठं सुख कोणतं?

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कोरड्या जागी टांगा, गाठी सोडून ठेवा. आणि त्याने काही मोजण्याआधी एकदा प्रेमाने हात फिरवून बघा. तो कसा आहे ते तो लगेच सांगेल.